घड्याळवाल्याची वाट

हॉकिन्सची खाणावळ, केंटकी
५ वा महिना, १४ तारीख, १८४७

तीर्थस्वरूप केझायाताईस,

धाकट्या जोथमचा साष्टांग नमस्कार. आपण क्वेकर माणसं राजापुढेही टोपी काढत नाही, पण तुझ्यापुढे वाकलेलं बरं असतं हे मी पाच वर्षांचा असतानाच शिकलो. वि. वि.

परवा तुझ्या दारात घड्याळाची पेटी उतरवली आणि चहासुद्धा न घेता मागे फिरलो, म्हणून तू रागावली असशील. मला लगोलग नदीच्या या काठाला येऊन रोजच्यासारखं दिसायला हवं होतं. घड्याळं दुरुस्त करत हिंडणारा माणूस नेमक्या त्याच दिवशी दिसेनासा झाला, तर कुत्र्यांनाही संशय येईल. म्हणून सगळं आता लिहितो. पत्र नावाडी ग्रिफिथच्या हाती देतोय. वाचून चुलीत घाल. घालणार नाहीस म्हणा, कागद जपायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

पेटीतून जी बाई निघाली ती टेम्पी. तान्हं पोर प्रायमस. ॲशलॉकबाईच्या मळ्यावरची. महिनाअखेर दोघांना गुलामांच्या दलालाला विकायचं ठरलं होतं. टेम्पीची थोरली डेल्फी, वय नऊ, तिला मात्र बाई ठेवून घेणार होत्या, कारण मुलगी हाताखाली चांगली तयार झाली आहे. टेम्पीला कुठे कामाला धाडलं की डेल्फीला घरी ठेवतात. वासरू दावणीला असलं की गाय आपणहून परतते, असं बाईंनी पाहुण्यांसमोर हसत हसत सांगितलं. मी तिथेच जिन्याखाली त्यांच्या उंच घड्याळाचं पोट उघडून बसलो होतो. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा एक चालतं घड्याळ मी मुद्दाम बिघडवलं, आणि नदीपलीकडे नेल्याशिवाय दुरुस्त होणार नाही म्हणून सांगितलं.

या आठवड्यात टेम्पीला शेजारच्या मळ्यावर बाळंतपणाला तीन दिवसांसाठी धाडलं. मी त्याच दिवशी घड्याळ उचललं. डेल्फी पितळेच्या समया घासत होती. तिला हळूच सांगितलं, की आई पुढे गेली आहे, हे घड्याळ घेऊन मी परत येईन त्या दिवशी तू दुधाच्या खोलीपाशी थांब, आणि कुणाजवळ बोलू नकोस. तिने एवढंच विचारलं, की आई माझ्यावर रागावली आहे का.

खरं सांगायचं तर तोवर मी टेम्पीला विचारलंही नव्हतं. ती वाटेत भेटली. पेटी दाखवली तशी ती रस्त्यातच बसली. म्हणाली, मुलीशिवाय मी येत नाही. पेटीत एकच माणूस मावतं, ताई. मी खूप समजावलं. म्हटलं, तुला विकली की मुलगी गेलीच. तू पलीकडे पोचलीस तर निदान मी तिला आणू शकेन, पंधरा दिवसांत घड्याळ द्यायला मला जायचंच आहे. ती म्हणाली, शपथ घे. आपल्यात शपथ घेत नाहीत, म्हणून मी सांगितलं, की आमचं हो म्हणजे हो. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या गोष्टीला हा शब्द फार लहान आहे. मग पोराला अफूच्या अर्काचे दोन थेंब दिले आणि ती आडवी झाली. भर दुपारी नदी ओलांडताना तरीवर एक तंबाखूवाला जमीनदार त्याच पेटीवर बसून चिलीम ओढत होता. मी त्याला काडी दिली.

भावोजींना सांग, कपाळावर आठ्या घालू नका, गिरणीतलं पीठ आंबेल. तुझ्या मायेवरच माझी गाडी चालते, ती अशीच राहू दे.

तुझा
जोथम

---

मिलबर्न, ओहायो
५ वा महिना, २३ तारीख, १८४७

चि. जोथम यास,

केझायाताईचे अनेक आशीर्वाद. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही, आणि दुसऱ्यांची बायकापोरं पेट्यांतून वाहतोस. आईने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

टेम्पी माझ्याकडे दहा दिवस राहिली. नदीकडच्या खिडकीतून तिला हलवणं कठीण झालं होतं. जेवण तिथेच, पोराला पाजणं तिथेच. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, की बाई, आता तू सुटलीस. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यानंतर तो शब्द मी काढला नाही. डेल्फी आल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणत होती. पण परवा पळालेले गुलाम पकडणारे दोघे कुत्री घेऊन आपल्या गिरणीच्या पायऱ्यांवर तासभर बसले, आणि त्यातल्या एकाने आपल्या घरात इतकं दूध कोण पितं म्हणून विचारलं. मग काल तिला माझी टोपी आणि बुरखा घालून, प्रार्थनासभेला निघालेली आजारी बाई म्हणून, भर सकाळी बग्गीत बसवलं. तिथून पुढे कॅनडा. जाताना रडली नाही. म्हणाली, घड्याळवाल्याने पंधरा दिवस सांगितलेत, मी मोजते आहे.

तुझे भावोजी घाबरून गेले आहेत. एल्काना मुळात वाईट माणूस नाही, पण त्याची छाती चिमणीएवढी. परवा जेवताना म्हणाला, की तुझा भाऊ पुण्य जोडतो आणि गिरणी जळायची ती माझी. मी म्हटलं, जळली तर शेकत बसू. दोन दिवस अबोला आहे. येत्या गुरुवारी तो पीठ घेऊन केंटकीच्या काठाला जाणार आहे, जुनं गिऱ्हाईक आहे. मी बजावलंय, पिठाचं बोला आणि परत या.

तू लवकर ये. मुलीसाठी मी निळा झगा बेतलाय, माप अंदाजाचं आहे. तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही असू दे.

तुझी
केझाया

---

केंटकी, तुरुंगातून
८ वा महिना, ३० तारीख, १८४७

ती. केझायाताईस,

जोथमचा नमस्कार. हे पत्र जेलरसाहेब वाचून मग पाठवतील, तेव्हा थोडक्यात लिहितो.

मला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. खटला दीड दिवसात आटोपला. ज्यूरी जेवायला जाण्याआधीच मोकळी झाली. प्रकृती ठीक आहे. उजवा हात दुखावल्यामुळे हे डाव्या हाताने लिहिलं आहे, अक्षराला हसू नकोस. ज्या मुलीसाठी गेलो होतो ती आणता आली नाही.

कुणी सांगितलं असेल याचा विचार करत बसू नकोस. त्याने काही बदलणार नाही. एल्काना भावोजींना नमस्कार. पत्र वर्षातून दोनदाच पाठवता येतं, पण आठवणीला बंदी नाही.

जोथम

---

मिलबर्न, ओहायो
१२ वा महिना, ५ तारीख, १८४७

चि. जोथम यास,

अनेक आशीर्वाद. तुझं अक्षर पाहून हसले नाही. ते पत्र मी उशाशी ठेवते.

विचार करू नकोस म्हणतोस, पण मी दुसरं काय करू? तू कधी जाणार हे या काठावर तिघांनाच माहीत होतं. तुला, मला आणि त्याला. तो गुरुवारी पीठ घेऊन पलीकडे गेला आणि सोमवारी तू पकडला गेलास. मी त्याला विचारलं. आधी तो गोंधळला, मग लाल झाला, मग म्हणाला, की मी नुसतं पीठ विकलं. मी विचारलं, मग हात का थरथरतायत. म्हणाला, तू अशी पाहतेस म्हणून.

त्या दिवसापासून त्याचं अंथरूण गिरणीत आहे. ताट मी वाढून ओट्यावर ठेवते. अठरा वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, आताही चढवत नाही. त्याचाच मला जास्त राग येतो. निर्दोष माणूस भांडला असता.

टेम्पीचं पत्र आलं, तिथल्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. पहिल्याच थंडीत प्रायमस छाती भरून गेला. हे तिने एका ओळीत लिहिलंय, आणि बाकीचं सगळं पान डेल्फीबद्दल. डेल्फी निघाली का, तिला बूट आहेत का, वाटेत तिला पेटीत घालू नका, तिला अंधाराची भीती वाटते. जोथम, तू तुरुंगात आहेस हे मी तिला कळवलं नव्हतं. आताही नाही कळवलं. मुलगी बरी आहे, थोडा धीर धर, एवढंच लिहिलं.

मी खोटं बोलणारी बाई नव्हते. तुझ्यावर माझी माया आहे, आणि त्या घरातल्या माणसावर उरलेली नाही.

केझाया

---

केंटकी
१० वा महिना, १८४९

ताई,

हे पत्र सुटलेल्या एका कैद्याच्या बुटातून येईल. जेलरने पाहिलेलं नाही, म्हणून नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून खरं लिहितो.

त्या सोमवारी मी ॲशलॉकबाईंच्या दिवाणखान्यात घड्याळ उभं केलं, किल्ली दिली, लंबक हलवला. बाई म्हणाल्या, वा, किती छान चालतंय. मग आतून चौघंजण आले. माझ्याच हत्यारांच्या पेटीतली हातोडी काढून एकाने माझा हात टेबलावर धरला, दुसऱ्याने एकेक बोट मोडलं. बाई खुर्चीवर बसून होत्या. गालिचा खराब होईल, खाली काहीतरी अंथरा, एवढंच त्या बोलल्या.

इथे आम्ही ताग झोडपतो. दिवसाचं वजन ठरलेलं. मोडक्या हाताने ते भरत नाही, आणि जितकं कमी भरेल तितके फटके. सोमवार ते शनिवार. फटके मारणारा माणूस चांगला बाप्टिस्ट आहे, रविवारी मारत नाही, उलट आमच्यासाठी प्रार्थना करतो. पहिल्या वर्षी मी मोजत होतो, आता सोडलं.

आता नीट वाच. एल्कानाने सांगितलं नाही. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, पकडलं त्याच वेळी कळलं. नाव मी लिहिणार नाही, कारण ते नाव बाहेर पडलं तर ज्याला सर्वांत जास्त लागेल त्याला मी आधीच पुरेसं दुखवलं आहे. तू भावोजींचं अंथरूण घरात घे.

डेल्फीला त्याच शरद ऋतूत दलालाला विकलं. दक्षिणेला नेली, कापसाच्या मुलखात. कुठे ते इथे कुणालाच ठाऊक नाही. टेम्पीला कळवू नकोस. ती उठून परत येईल आणि तिलाही पकडतील.

माझं हो म्हणजे हो होतं, ताई.

जोथम

---

मिलबर्न, ओहायो
३ रा महिना, ११ तारीख, १८५३

चि. जोथम यास,

आशीर्वाद. मागच्या आठवड्यात एल्काना वारला. ताप होता. गिरणीतच होता, मी शेजारच्या रूथला त्याच्याजवळ बसवलं होतं. पेज मी करून धाडत होते.

तू मागे लिहिलं होतंस, की तो नव्हे. मी ते दहा वेळा वाचलं. पण नाव न सांगता नुसतं तो नव्हे म्हणायचं, ते तुझं मोठं मन झालं. तू लहानपणीही असाच होतास, दुसऱ्याने फोडलेलं भांडं स्वतःच्या नावावर घ्यायचास. म्हणून मी त्याला घरात घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा तो ओट्यावर ताट घ्यायला आला आणि उभाच राहिला. म्हणाला, केझाया, बाहेर फार गारठा आहे. मी त्याला आणखी एक घोंगडी काढून दिली आणि दार लावलं.

रूथ सांगत होती, शेवटच्या दिवशी शुद्धीवर होता. तिला म्हणाला, की मी घाबरत होतो हे खरं, पण घाबरणं म्हणजे सांगणं नव्हे, हे तिला कुणीतरी समजावा. मी रूथला म्हटलं, मरतानाही माणसाला खोटं सुटत नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे येत नाही.

टेम्पी वर्षाला दोन पत्रं पाठवते. मी दोन उत्तरं पाठवते. डेल्फी बरी आहे. आता तर ती पंधरा वर्षांची झाली असेल, असं मागच्या वेळी मीच लिहून गेले. तू जिवंत ये, एवढीच देवाजवळ मागणी आहे. बाकी मागायला मला तोंड नाही असं कधी कधी वाटतं, पण का ते कळत नाही.

केझाया

---

मॅसॅच्युसेट्स
११ वा महिना, २ तारीख, १८५८

ती. केझायाताईस,

सा. न. वि. वि. चार वर्षं आधी माफी मिळाली, तुझ्या घरी महिनाभर राहून तूप-लोणी खाल्लं, आणि आता गुलामगिरीविरोधी मंडळाच्या लोकांबरोबर गावोगाव भाषणं देत फिरतोय. सभागृहं भरतात. मी बोलतो ते लोक शांतपणे ऐकतात, पण शेवटी अध्यक्ष उठून म्हणतात, की आता बंधू जोथम आपली पाठ दाखवतील. मग मी सदरा काढून लोकांकडे पाठ करून उभा राहतो. बायका रडतात. एका गावात एका म्हाताऱ्याने जवळ येऊन बोट लावून पाहिलं. मी उभा असताना भिंतीवरचं घड्याळ पाहत असतो. त्या गावातलं दहा मिनिटं मागे होतं, आणि माझ्या हाताला आता स्क्रू धरता येत नाही.

मंडळ माझं चरित्र छापतंय, शंभर पानांचं. मी सांगितलं, ते एकाने लिहून घेतलं. त्यात डेल्फीचं सगळं होतं. चिटणीस म्हणाले, बंधो, हे काढायला हवं. माणूस आईला तिचं मूल मागे ठेवायला लावतो आणि मूल हरवतं, हे वाचून वर्गणीदार विचारतील, की असलं सोडवणं काय कामाचं. दक्षिणेकडचे तर हेच छापून नाचतील. त्यांनी वाक्य सुचवलंय, की टेम्पी आपल्या एकुलत्या एका बाळाला छातीशी धरून स्वातंत्र्याच्या भूमीत पोचली. मी तीन दिवस नाही म्हणत होतो. तुला काय वाटतं ते लिही.

तुझा
जोथम

---

मिलबर्न
११ वा महिना, १५ तारीख, १८५८

चि. जोथम यास,

आशीर्वाद. काढून टाक. टेम्पीला वाचता येत नाही, आणि ती मुलगी जगली असेल तर तिलाही येत नसेल. त्या पुस्तकाने आणखी दहा बायका सुटल्या तर ते पुष्कळ झालं. पत्त्याच्या जागी माझ्या घराचा पत्ता घालू दे, पुस्तकं मी विकेन.

गळ्याला मफलर बांधत जा. पाठ उघडी टाकून उभा राहतोस, थंडी बाधेल.

केझाया

---

मिसिसिपी, मुक्त लोकांच्या शाळेतून
४ एप्रिल १८६६

केझायाबाईंना,

आमच्या मास्तरणीबाई सांगतात, पत्राची सुरुवात प्रिय म्हणून करतात. मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून ते घातलं नाही. लिहिणाऱ्या त्या आहेत, सांगणारी मी. खालची सही माझी आहे. तेवढं मला येतं.

बाई ओहायोच्या आहेत. वाचनाच्या तासाला त्या एका पातळ पुस्तकातून वाचून दाखवतात. त्यात घड्याळवाला होता, पेटी होती, ॲशलॉक नाव होतं, टेम्पी नाव होतं. मग बाईंनी वाचलं, की टेम्पी आपल्या एकुलत्या एका बाळासह गेली. मी उठून म्हटलं, तिला दोन मुलं होती. बाई म्हणाल्या, पुस्तकात एकच आहे. मी म्हटलं, दुसरी मी. वर्गातले लोक हसले, मग हसायचे थांबले.

मागच्या पानावर तुमचा पत्ता होता, म्हणून हे.

आई गेली त्या दिवसापासून मला चाबकाने मारतील असं सगळे म्हणत होते. मारलं असतं तर मी सांगितलं नसतं असं मला अजून वाटतं. पण ॲशलॉकबाईंनी मला दिवाणखान्यात बोलावलं. त्या खोलीत मी कधी बसले नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली, पांढऱ्या साखरेचा केक दिला, माझे केस सारखे केले. म्हणाल्या, डेल्फी, तुझी आई वाट चुकली आहे, तिला कुणी नेलं ते कळलं तर मी माणसं पाठवून रविवारपर्यंत तिला घरी आणीन, आणि तिला कुणी रागावणार नाही. मला आई हवी होती. मी सांगितलं, की घड्याळवाल्याला माहीत आहे, तो घड्याळ घेऊन येणार आहे. केक मी सगळा खाल्ला.

तो आला त्या दिवशी मी दुधाच्या खोलीपाशी थांबले होते, कारण त्याने तसं सांगितलं होतं. आतून ओरडणं ऐकू आलं. त्याला बाहेर ओढत आणलं तेव्हा मी धावत गेले आणि विचारलं, माझी आई कुठे आहे, बाई म्हणाल्या रविवारी येईल. तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला कळलं.

रविवारी आई आली नाही. मी विचारायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, जी पोर आईचं गुपित सांगते ती उद्या माझंही सांगेल, असली घरात नको. शरदात मला विकलं. पुढचं तुमच्या पुस्तकात घालण्यासारखं नाही. मला तीन मुलं झाली. दोन माझ्याजवळ आहेत. तिसरं नेलं तेव्हा ते चार वर्षांचं होतं.

आई जिवंत असेल तर तिला सांगा, मी आहे. तिला यायचं असेल तर येऊ दे. मी तिला ओळखेन की नाही ते सांगता येत नाही. मी सांगून टाकलं होतं हे तिला आधी कळवा, म्हणजे इथे येऊन तिला परत जावं लागणार नाही. घड्याळवाल्याला आणू नका. तो वाईट होता असं मी म्हणत नाही. पण पुस्तकात माझ्यासाठी एक ओळ ठेवायला त्याला काय झालं होतं.

डेल्फी

---

मिलबर्न, ओहायो
५ वा महिना, ९ तारीख, १८६६

चि. जोथम यास,

सोबत एका पत्राची नक्कल पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

उत्तर-दक्षिणेची लढाई संपल्यापासून टेम्पी माझ्याच घरी होती, ते तुला माहीत आहे. मुलगी शोधायला कॅनडातून खाली आली आणि मग मी अठरा वर्षं काय काय लिहीत होते ते मला तोंडाने सांगावं लागलं. त्यानंतर ती माझ्या घरात राहिली, पण माझ्या हातचं जेवली नाही. आपलं आपण शिजवायची.

पत्र आलं तसं मी तिला वाचून दाखवलं. मुलीनेच तसं सांगितलं होतं, म्हणून काही गाळलं नाही. केकचं वाचताना मी थांबले, तेव्हा ती म्हणाली, वाच, थांबू नकोस. संपल्यावर तिने पत्र माझ्या हातून काढून घेतलं. मला वाटलं, मुलीवर रागावली. मी म्हटलं, नऊ वर्षांचं लेकरू ते, त्याला काय कळतंय. ती म्हणाली, तिला सगळं कळत होतं. तिने मला परत बोलावलं होतं. मीच आले नाही.

मंगळवारच्या आगबोटीने ती गेली. तुझ्यासाठी काही निरोप आहे का म्हणून विचारलं. नाही म्हणाली. मग धक्क्यावर मागे वळून म्हणाली, की त्याने हो म्हटलं आणि परत गेलाही, हे मी मुलीला सांगेन, ती ऐकेल की नाही माहीत नाही. निरोप हाच असेल तर हा घे.

आता माझं. तू सांगितलं होतंस, की तो नव्हे. तू खरं बोललास आणि मी ते तुझं मोठेपण समजले, तो दोष माझा. पण तू तुरुंगातून सुटून महिनाभर माझ्या घरी राहिलास. गिरणीत त्याचं अंथरूण अजून तसंच गुंडाळलेलं होतं, ते तू पाहिलंस. तेव्हा नाव सांगितलं असतंस तरी काय बिघडलं असतं? मला वाटतं, मला त्रास होऊ नये म्हणून तू गप्प राहिलास. तू नेहमीच ठरवतोस, कुणाला काय कळावं. टेम्पीला विचारण्याआधी मुलीला सांगितलंस, आई पुढे गेली. आणि मी काही तुझ्याहून निराळी नाही, कारण पुस्तकातून काढून टाक हे मीच लिहिलं होतं.

मंडळाला कळव, की पुस्तकाच्या उरलेल्या प्रती मी विकणार नाही. पुन्हा छापतील तर मुलीसह छापतील, नाहीतर माझा पत्ता काढावा.

काल दुपारी दफनभूमीत गेले. सहा वर्षं नवऱ्याशी बोलले नाही, म्हटलं आता बोलावं. आपल्यात थडग्यावर दगड बसवत नाहीत, नाव लिहीत नाहीत, ती प्रौढी समजतात. त्याला पुरलं त्या दिवशी मी मागे उभी होते, नीट पाहिलंही नव्हतं. तेरा वर्षांचं गवत झालंय. रूथला ठाऊक असेल म्हणून तिच्या दारात गेले, तर तिची सून म्हणाली, सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, तुम्हाला कुणी कळवलं नाही का.

पुन्हा मागे गेले. मेपलच्या कडेला एक उंचवटा आहे, भिंतीजवळ एक, आणि फाटकाच्या डावीकडे एक. तिन्ही ठिकाणी उभी राहून तेच बोलले. त्यातल्या एखाद्या जागी तो असेल.

आशीर्वाद नेहमीसारखे लिहिले नाहीत, ते विसरून नाही.

केझाया